दोन इंडिका आणि हिंगोलीचे रस्ते

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याच्या चार महिने आधी, ३० डिसेंबर १९९८ रोजी, टाटांची इंडिका बाजारात आली. जिल्हा आणि गाडी जवळपास एकाच वयाची, हा निव्वळ योगायोग. पण आमच्या भागातल्या कितीतरी कष्टकरी घरांच्या दारात पहिली चारचाकी उभी राहिली ती इंडिकाच, आणि ज्या रस्त्यांवर ती धावली ते रस्तेही नव्या जिल्ह्याबरोबर बदलत गेले. म्हणून गाडीची हकीकत सांगायची तर रस्त्यांची सांगावी लागते, आणि रस्त्यांची सांगायची तर माणसांची.

मी एसटीत चालक म्हणून नोकरी केली. स्टेअरिंगवरचे हात निवृत्तीनंतरही स्वस्थ बसत नाहीत. २००७ साली मी २००३ ची इंडिका व्ही-टू जुन्या बाजारातून घेतली. २०१२ साली मुलाच्या नोकरीच्या आधाराने नवी इंडिका व्हिस्टा घेतली. जुनी विकली नाही, धाकट्या भावाला वापरायला ठेवली. त्यामुळे कित्येक वर्षे दोन्ही गाड्या एकाच वस्तीत, एकाच कुटुंबात राहिल्या आणि त्याच त्या रस्त्यांवर फिरल्या. दोघींतला फरक पुष्कळजण विचारतात. विशेषतः आपल्या वस्तीतली तरुण मुले विचारतात, कारण त्यांनाही गाडी घ्यायची असते. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

गाडीचे आपल्याला इतके काय, असे कोणी म्हणेल. त्याने बाबासाहेबांच्या आठवणी वाचाव्यात. १९०१ साली लहानगे भीमराव आपल्या भावंडांबरोबर मसूर स्टेशनवर उतरले. वडील गोरेगावला नोकरीत होते, त्यांच्याकडे जायचे होते. मुले महारांची आहेत हे कळताच एकही बैलगाडीवाला त्यांना बसवून घेईना. अखेर दुप्पट भाडे ठरले, आणि तेही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकावी, गाडीवान बाजूने चालेल. पुढे १९२९ साली चाळीसगावला तेच घडले. तेव्हा बाबासाहेब परदेशात शिकून आलेले बॅरिस्टर होते, सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य होते. तरी टांगेवाले त्यांचा टांगा हाकायला तयार झाले नाहीत. वस्तीतल्या माणसाने टांगा हाकला. त्याला सवय नव्हती. नदीवरच्या पुलाजवळ टांगा उलटला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि पायाचे हाड मोडले. ज्या समाजाला गाडीत बसायची आणि हाकायची बंदी होती, त्या समाजाच्या दारात स्वतःची गाडी असणे ही नुसती हौस नव्हे, हे त्यातून समजते.

आता इंडिकाविषयी. रतन टाटांनी ठरवले होते की गाडीत अँबॅसडरसारखी ऐसपैस जागा असावी, बाहेरून ती झेनएवढी असावी, किंमत मारुती ८०० च्या आसपास असावी आणि ती डिझेलवर चालावी. एका परदेशी कंपनीचा ऑस्ट्रेलियातला बंद पडलेला कारखाना उतरवून पुण्याला आणला गेला आणि पिंपरी-चिंचवडला त्यावर ही गाडी तयार झाली. सुरुवातीची किंमत अडीच-पावणेतीन लाखांच्या घरात होती. पहिल्याच आठवड्यात लाखाहून जास्त लोकांनी नोंदणी केली. पहिल्या गाड्यांविषयी तक्रारी आल्या, तेव्हा सुधारणा करून २००१ मध्ये व्ही-टू आणली गेली. त्या काळी डिझेलचा भाव पेट्रोलपेक्षा बराच कमी होता. रोज पन्नास-साठ किलोमीटर जाणाऱ्या माणसाला हा हिशेब चटकन कळला.

हिंगोलीहून रस्ते चार दिशांना जातात. उत्तरेला कनेरगाव नाका, पुढे वाशीम आणि अकोला. दक्षिणेला कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा आणि नांदेड. पश्चिमेला सेनगाव. नैर्ऋत्येला औंढा नागनाथ, आणि तिथून एक रस्ता वसमतकडे, एक जिंतूरवरून जालना आणि छत्रपती संभाजीनगरकडे. जमीन काळी, कापसाची, हळदीची, सोयाबीनची. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वरचा डांबराचा थर कितीही चांगला असो, खालची जमीन हलली की रस्त्याला लाटा पडतात. म्हणून आमच्याकडे गाडीची परीक्षा वेगाने होत नाही, लाटा आणि खड्डे किती सोसते यावर होते.

जुन्या व्ही-टूचे इंजिन १४०५ सीसीचे, साध्या बांधणीचे. त्यात डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात फवारले जाते, तिथे पेट घेते आणि मग मुख्य सिलिंडरात येते. थंडीच्या पहाटे किल्ली अर्धी फिरवून हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबावे लागे. आवाज मोठा, चढावर धूर. आमच्या गाडीला टर्बो नव्हता, ताकद त्रेपन्न-चोपन्न अश्वशक्ती. पाच मोठी माणसे, एक लेकरू आणि डिकीत सामान असले की औंढ्याच्या डोंगराळ रस्त्यावर दुसऱ्या गिअरवर यावे लागे. माझ्या वहीत तिचे मायलेज लिटरला पंधरा-सोळा आहे.

व्हिस्टा २००८ च्या ऑगस्टमध्ये आली. त्याच वर्षी पूर्णा-अकोला रेल्वेमार्ग रुंद झाला आणि हिंगोली डेक्कन स्टेशनवर मोठ्या गाड्या येऊ लागल्या. व्हिस्टाचे डिझेल इंजिन दोन प्रकारचे मिळे. एक जुनेच १४०५ सीसीचे, टर्बो लावून सुधारलेले. दुसरे फियाटच्या तंत्राचे, पुण्याजवळ रांजणगावला बनणारे १२४८ सीसीचे. याच घराण्यातले इंजिन मारुतीने स्विफ्टमध्ये २००७ पासून दिले होते. आम्ही दुसरे घेतले. आकाराने लहान असून ताकद पंचाहत्तर अश्वशक्ती. याचे कारण इंजिनच्या रचनेत आहे. या इंजिनात डिझेल एका जाड नळीत हजार बारच्याही वर दाब देऊन भरून ठेवलेले असते, आणि कोणत्या सिलिंडरात केव्हा किती फवारायचे हे कॉम्प्युटर ठरवतो. थेंब बारीक होतो, जळण पुरते होते, धूर कमी होतो. वहीत हिचे मायलेज अठरा ते वीस आहे.

चालवताना फरक पहिल्या मैलातच कळतो. व्हिस्टाच्या दोन चाकांतले अंतर २४७० मिलिमीटर, जुनीचे २४००. सात सेंटिमीटर म्हणजे चार बोटे. पण मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यांना ती चार बोटे फार मोठी असतात. रस्त्याच्या लाटांवर जुनी गाडी दणके थेट कमरेला देई, नवी पुष्कळ गिळते. आमच्या जुनीला पॉवर स्टेअरिंग नव्हते. उभ्या गाडीचे चाक वळवायला खांद्याचा जोर लागे. व्हिस्टाचे स्टेअरिंग एका हाताने फिरते. आमच्या सूनबाई गाडी शिकल्या त्या व्हिस्टावर. आज मुलांना शाळेत सोडणे, विहारात बाया-माणसांना नेणे, बाजार, सगळे त्या करतात. घरातल्या बाईने गाडी चालवायला शिकावे, असे मी प्रत्येक घराला सांगेन. रात्री-अपरात्री दुखणे आले तर घरातला पुरुष हजर असेलच असे नाही.

आणखी एक गंमत. व्हिस्टाचे मीटर चालकासमोर नव्हते, गाडीच्या मध्यभागी होते. बाजूला आणि मागे बसणाऱ्या सगळ्यांना वेग दिसे. काटा ऐंशीच्या पुढे गेला की मागून आवाज येई, “अहो, हळू!” एसटीत इतकी वर्षे चालवताना माझ्यावर एवढी देखरेख कोणी ठेवली नव्हती. कंपनीने पुढच्या गाड्यांत मीटर पुन्हा चालकासमोर नेले. माझ्या मते मध्येच बरे होते.

मग जुनीचे काय चांगले होते? दुरुस्ती. पान्हे, हातोडी आणि डोके असलेला कोणताही मिस्त्री तिला सेनगावच्या रस्त्यावर उभा राहून चालू करू शके. आमच्या वस्तीतली दोन मुले तिच्यावर हात बसवून मिस्त्री झाली. पंप, नोझल, हीटर, बेल्ट, सगळे डोळ्यांना दिसणारे. नव्या इंजिनात दोष शोधायला आधी कॉम्प्युटर लावावा लागतो, आणि तो प्रत्येक तालुक्याच्या गॅरेजमध्ये असतोच असे नाही. जुनीला टायमिंग बेल्ट होता, ठरलेल्या अंतरावर तो बदलावाच लागे. नव्या इंजिनात त्याजागी साखळी आहे, तिचे आयुष्य मोठे. पण तेल वेळेवर बदलले नाही तर साखळीही सोडत नाही. जुने इंजिन हलके-भारी डिझेल कसेबसे पचवी. नव्याचे इंजेक्टर इतके बारीक की मळ किंवा पाणी गेले तर खर्च हजारोंत जातो. म्हणून नवीचे डिझेल नेहमी चालत्या, गर्दीच्या पंपावर भरावे, फिल्टर वेळेवर बदलावा आणि टाकी कोरडी होईपर्यंत वाट पाहू नये. हा नियम स्वस्त आहे, मोडला तर महाग आहे.

आता प्रवासाकडे येतो. आपल्या घरांचे खरे प्रवास कोणते? दीक्षाभूमी, धम्म परिषद, दवाखाना, मुलांच्या परीक्षा आणि लग्नकार्ये.

हिंगोलीचा दसरा जुना आणि नावाजलेला. मोठे प्रदर्शन भरते, खेड्यापाड्यांतून माणसे येतात. पण अशोक विजयादशमीला आपली मंडळी नागपूरची वाट धरतात. जुन्या इंडिकेने आम्ही कळमनुरी, वारंगा फाटा, उमरखेड, यवतमाळ, वर्धा या मार्गाने जायचो. अंतर तीनशे किलोमीटरच्या वर. पहाटे चारला निघून दुपार होई. गाडीत पाच माणसांची जागा, बसायचो आम्ही सात. काचा खाली, वाऱ्याबरोबर धूळ आत. वाटेत पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, ट्रकने निघालेली, पायी निघालेली माणसे दिसत. कोणी हात केला की आम्ही थांबायचो, पाणी द्यायचो, म्हातारी असली तर मांडीवर जागा करायचो.

व्हिस्टाने आम्ही वाशीम, कारंजा करून समृद्धी महामार्गाला लागतो. त्या महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. लहान गाड्यांना तिथे ताशी १२० ची परवानगी आहे, दुचाकी आणि रिक्षांना प्रवेश नाही. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाआधी दीक्षाभूमीवर पोचतो. पण सांगतो, तो रस्ता सरळ आणि सिमेंटचा आहे. उन्हात टायर तापतात, आणि सरळ रस्त्यावर चालकाला झापड येते. जुने, घासलेले टायर घेऊन तिथे जाऊ नये. हवा तपासावी. दर दीड-दोन तासांनी उतरून पाय मोकळे करावेत. दीक्षाभूमीला जाताना घाई कशाला? १४ ऑक्टोबर १९५६ ला माणसे मिळेल त्या रेल्वेने आणि पायी नागपूरला पोचली होती.

नांदेडच्या रस्त्यावर अर्धापूरजवळ दाभडला बावरीनगरचे महाविहार आहे. पौष पौर्णिमेला तिथे धम्म परिषद भरते आणि हिंगोली, परभणी, नांदेड, यवतमाळकडची कुटुंबे लेकराबाळांसह येतात. अकोला-नांदेड महामार्ग अलीकडे चौपदरी झाल्याने हा प्रवास आता सोपा झाला आहे. थंडीच्या दिवसांत परिषदेहून रात्री परतताना नव्या गाडीतला हीटर आजीच्या पायांना ऊब देतो. तिच्या दृष्टीने दोन गाड्यांतला सर्वांत मोठा फरक तोच.

नरसी आणि औंढा हे दोन प्रवासही सांगतो. नरसी हे संत नामदेवांचे गाव मानले जाते. औंढ्याला हेमाडपंती देऊळ आहे, आणि तिथली कथा अशी की नामदेवांना समोर कीर्तन करू दिले नाही, ते मागे गेले आणि देऊळच त्यांच्याकडे वळले. आपण दगड वळण्याची कथा खरी मानत नाही. पण शिंप्याच्या मुलाला मागे जायला सांगितले गेले, ही लोकांच्या आठवणीत राहिलेली गोष्ट मुलांना जरूर सांगतो. देऊळ नाही, माणसे वळायला हवीत, आणि ती शिक्षणाने वळतात. याच औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली, खर्च २६०० कोटी. गाडीने त्या बाजूने गेलो की मी नातवंडांना म्हणतो, त्या यंत्रावर काम करणारा एक तरी आपल्या वस्तीतला असावा.

दवाखान्याचे प्रवास सांगायला सुखाचे नाहीत. बाळंतपण अडले, छातीत दुखले की नांदेड गाठावे लागे. जुन्या इंडिकेने वस्तीतल्या कितीतरी जणांना नेले. कोणाकडून डिझेलचे पैसे घेतले, कोणाकडून नाही. कोणाच्या दारी गाडी आहे हे सगळ्यांना ठाऊक असे, आणि रात्री कडी वाजली की किल्ली हातात घेऊनच दार उघडायचे. आता हिंगोलीलाच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यात हिंगोली आणि शेजारचे वाशीमही होते. रात्रीची ती धावपळ यामुळे कमी व्हावी.

इथे दोन गाड्यांतला तो फरक सांगतो जो कोणत्याही माहितीपत्रकात नसतो. जुन्या गाडीच्या काचा खाली असत. रस्त्यावरचा माणूस हाक मारी, आम्हाला ती ऐकू येई. नव्या गाडीत एसी आहे, काचा वर असतात. गाडी सुखाची झाली आणि बाहेरचा आवाज बंद झाला. पाचाच्या जागी पाचच बसावेत हे योग्य आहे, कायद्याने आणि जिवाच्या दृष्टीने. पण गाडीत तिघेच असताना फाट्यावर उभी असलेली ओळखीची म्हातारी मागे राहिली, तर ती गाडी आपल्या कामाची राहिली नाही. आपल्या समाजातला जो वर गेला त्याने काच वर केली, अशी तक्रार आपण अनेकदा ऐकतो. बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी आग्र्याला १९५६ साली जे दुःख बोलून दाखवले, ते याहून वेगळे नव्हते. कारखाना काच देतो, ती खाली करणे आपल्या हातात आहे.

आता पैशाचे. जुनीची पंधरा वर्षे २०१८ मध्ये भरली. तपासणी करून पाच वर्षांची मुदत वाढवून घेतली, पर्यावरण कर भरला. पुढची मुदत २०२३ मध्ये संपली. तोवर १ एप्रिल २०२२ पासून जुन्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी सहाशे रुपयांवरून पाच हजार झाली होती. कर, विमा आणि पत्र्याचे काम मिळून खर्च गाडीच्या किमतीइतका होऊ लागला. भावाने ती रीतसर मोडीत दिली आणि नोंदणी रद्द करून घेतली. हा कागद महत्त्वाचा आहे. गाडी भंगारात गेली आणि नोंदणी आपल्या नावावर राहिली, तर उद्या तिच्या नंबरवर काही घडले की पोलीस आपल्या दारी येतात.

डिझेलचा तो जुना हिशेबही आता राहिलेला नाही. पेट्रोलचे भाव २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले. दोघांतले अंतर घटत गेले, २०२० च्या जूनमध्ये दिल्लीत तर डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झाले होते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम आले. लहान डिझेल इंजिनाला धूर गाळणारी महागडी यंत्रणा लावणे परवडेना, म्हणून मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. इंडिकाचे उत्पादन तर २०१८ मध्येच थांबले होते. धूर कमी झाला हे चांगलेच झाले. रस्त्याकडेच्या झोपडीत राहणाऱ्यांच्या लेकरांच्या छातीत तो धूर जात होता, आणि ती झोपडी बहुधा आपल्याच माणसांची असते.

म्हणून तरुणांना माझे सांगणे असे. रोजचे फिरणे शंभर किलोमीटरच्या आत असेल तर जुनी डिझेल गाडी घेण्याचा मोह धरू नका. स्वस्त मिळते म्हणून घ्याल आणि इंजेक्टरात पैसे घालाल. घ्यायचीच असेल तर आधी नोंदणीची मुदत किती उरली ते पाहा, गाडीवर कर्जाचा बोजा आहे का ते पुस्तकात पाहा, आणि ओळखीच्या मिस्त्रीला थंड इंजिन चालू करून दाखवा. गरम करून ठेवलेले इंजिन खोटे बोलते. नवी गाडी कर्जाने घ्यायची असेल, तर हप्ता मुलांच्या शिक्षणाच्या पैशातून जाणार नाही याची खात्री करा. लग्नात मिरवायला सात वर्षांचे कर्ज घेतलेली घरे मी पाहिली आहेत. दारात मोठी गाडी, आणि मुलीची बारावीनंतरची फी भरायला पैसे नाहीत. त्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘शिका’ हा शब्द निळ्या अक्षरांत लिहिलेला असतो.

मला विचाराल तर चालवायला, बसायला, मायलेजला आणि धुराला व्हिस्टा सरस. शिकायला, दुरुस्त करायला आणि कर्जावाचून झोपायला जुनी सरस. जुनीने आमच्या घराला गाडी म्हणजे काय ते शिकवले. नवीने आमच्या घरातल्या बाईला चालक केले. माझ्या हिशेबात दुसरे काम जास्त मोठे.

व्हिस्टाची पंधरा वर्षे २०२७ मध्ये भरतात. त्यानंतर ती ठेवायची की नाही, हे सूनबाई ठरवतील. गाडी आता त्याच चालवतात.

जय भीम.